रोज चालूनही वजन उतरत नाही. मेटाबॉलिक सिंड्रोमवर चालण्याचा खरोखर उपयोग होतो का?

सांजवारा:

नमस्कार. माझे वय ४६ असून मी ठाण्यात राहतो आणि मुंबईतील एका कार्यालयात हिशेबाचे काम करतो. गेल्या दिवाळीनंतर कार्यालयात झालेल्या आरोग्य तपासणीत मला मेटाबॉलिक सिंड्रोम असल्याचे सांगण्यात आले. त्या वेळी कंबरेचा घेर ९६ सेंटिमीटर, उपाशीपोटी साखर १०८, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २१२, एचडीएल (चांगले कोलेस्टेरॉल) ३६ आणि रक्तदाब १३६/८८ होता. वजन मात्र ६८ किलो आणि उंची १६८ सेंटिमीटर असल्यामुळे मला कोणी जाडा म्हणत नाही. हातपाय बारीक आणि पोट तेवढे पुढे, अशी माझी अंगकाठी आहे.

तेव्हापासून मी रोज पहाटे तलावपाळीला ४० मिनिटे चालतो. आषाढातले मुसळधार पावसाचे काही दिवस सोडले, तर सात महिन्यांत खंड पडलेला नाही. गेल्या आठवड्यात पुन्हा सर्व तपासण्या केल्या. आता घेर ९२, साखर १०४, ट्रायग्लिसराइड १६८, एचडीएल ३८ आणि रक्तदाब १२६/८२ आहे. वजन ६७.५ किलो, म्हणजे सात महिन्यांत केवळ अर्धा किलो उतरले. अहवाल पाहणाऱ्या तरुण डॉक्टरांनी वजनाच्या आकड्यावर बोट ठेवले आणि "वजन उतरले नाही म्हणजे चालण्याचा काही उपयोग झालेला नाही" असे सांगून ते पुढच्या रुग्णाकडे वळले. तेव्हापासून पहाटे उठताना मन मागे ओढते.

मला मनापासून जाणून घ्यायचे आहे की वजन उतरत नसेल तर चालणे व्यर्थ आहे का. शिवाय चालून आल्यावर मी लोकलचा प्रवास धरून नऊ-दहा तास बसूनच असतो. त्यामुळे सकाळी कमावलेले दिवसभरात वाया जाते का, हेही जाणकारांनी सांगावे.


कऱ्हाकाठ:

मी गेली २२ वर्षे तालुक्याच्या गावी वैद्यकीय व्यवसाय करतो. आपला प्रश्न मला दर आठवड्याला कोणी ना कोणी विचारतेच, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सर्वप्रथम आपलेच आकडे नीट वाचू या. मेटाबॉलिक सिंड्रोम हा एकच एक आजार नव्हे. पाच गोष्टींपैकी कोणत्याही तीन बिघडल्या की त्या समुच्चयाला हे नाव देतात. आपल्याकडच्या लोकांसाठी कंबरेचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक, ट्रायग्लिसराइड १५० किंवा अधिक, एचडीएल पुरुषांत ४० पेक्षा आणि स्त्रियांत ५० पेक्षा कमी, रक्तदाब १३०/८५ किंवा त्यापुढे, आणि उपाशीपोटी साखर १०० किंवा अधिक, हे ते पाच निकष होत. या यादीत वजन कुठेही नाही, हे कृपया लक्षात घ्यावे. दिवाळीनंतर आपले पाचही निकष बिघडलेले होते. आज रक्तदाब त्यातून बाहेर पडला आहे, ट्रायग्लिसराइड सुमारे एक पंचमांशाने उतरले आहेत आणि घेर चार सेंटिमीटरने कमी झाला आहे. ट्रायग्लिसराइड आणि रक्तदाब रोज थोडे मागेपुढे होतात, त्यामुळे एकेका आकड्यावर मी फार विसंबणार नाही. परंतु पाचही आकडे एकाच चांगल्या दिशेला सरकले आहेत, आणि ते योगायोगाने घडले असे मी म्हणणार नाही.

आता वजनाविषयी. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोन संशोधकांचे एक छायाचित्र २००४ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले होते. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, अगदी सारखा, २२.३. मात्र शरीरातील चरबीचे प्रमाण मोजले, तेव्हा युडकिन यांचे ९.१ टक्के आणि याज्ञिक यांचे २१.२ टक्के निघाले. वजनाच्या काट्यासाठी दोघे सारखेच होते. आपल्या समाजात वरून सडपातळ दिसणाऱ्या माणसाच्या पोटात, आतड्यांभोवती आणि यकृतात चरबी साठलेली असते आणि स्नायू त्या मानाने कमी असतात. आपण केलेले स्वतःच्या अंगकाठीचे वर्णन वाचून मला तेच छायाचित्र आठवले.

पोटातल्या या चरबीतून सुटणारी मेदाम्ले यकृताकडे जाणाऱ्या रक्तात उतरतात. यकृत त्यांचे ट्रायग्लिसराइड बनवून रक्तात सोडते, त्यापाठोपाठ एचडीएल घटते, आणि इन्सुलिनचे सांगणे यकृत व स्नायू नीट ऐकेनासे होतात. मग तेच काम करण्यासाठी स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन ओतावे लागते. पाचही आकडे एकत्र बिघडतात ते या आतल्या धाग्यामुळे. १९८८ मध्ये अमेरिकेतील जेराल्ड रिव्हन यांनी या समुच्चयाला 'सिंड्रोम एक्स' असे नाव दिले, तेव्हा त्यांनी मुळाशी हीच इन्सुलिनची घटलेली परिणामकारकता मानली होती.

चालताना मांडीचा आणि पोटरीचा स्नायू आकुंचन पावतो, तेव्हा साखर आत घेणारी दारे पेशीच्या पृष्ठभागावर येतात आणि त्यासाठी त्यांना इन्सुलिनची वाट पाहावी लागत नाही. चालणे थांबल्यावरही पुढचे एक ते दोन दिवस तो स्नायू इन्सुलिनला अधिक चांगला प्रतिसाद देतो. हा परिणाम वजन घटण्याची वाट पाहत नाही; मात्र तो साठवूनही ठेवता येत नाही, म्हणून रविवारी तीन तास चालून आठवडा निभावत नाही आणि सलग दोन दिवस खाडा करू नये, असे आम्ही सांगतो. याखेरीज काट्यावर वजन जवळपास तेवढेच असताना आतली चरबी घटू शकते आणि स्नायू थोडा वाढू शकतो. आपल्या कंबरेचे चार सेंटिमीटर तेच सुचवतात.

वजन न घटताही फायदा होतो, याचा आपल्या देशातला पुरावा हवा असेल तर चेन्नईचा आहे. डॉ. ए. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ५३१ व्यक्तींवर केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. आहारात बदल आणि नियमित शारीरिक हालचाल एवढ्यावर सुमारे अडीच वर्षांत मधुमेह होण्याचे प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटले, आणि त्या गटाचे वजन म्हणावे तसे उतरलेले नव्हते. वजनही उतरले तर लाभ वाढतो, यात शंका नाही. अमेरिकेतील २००२ च्या मोठ्या अभ्यासात आठवड्याला १५० मिनिटे हालचाल आणि ७ टक्के वजनघट असे ध्येय ठेवले होते; तिथे मधुमेहाचा धोका ५८ टक्क्यांनी घटला, तर मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी घेणाऱ्यांत ३१ टक्क्यांनी. परंतु 'वजन नाही तर काहीच नाही' हे विधान मला मान्य नाही. अशा एका वाक्याने कितीतरी माणसे चालणे सोडून देतात आणि दोन वर्षांनी साखर १४० घेऊन आमच्यासमोर येऊन बसतात. ते पाहताना फार वाईट वाटते.


शेवंती:

मी सांगलीची, वय ६३, निवृत्त शिक्षिका. माझी साखर पाच वर्षांपूर्वी काठावर आली, तेव्हापासून घरी ग्लुकोमीटर आहे. सांजवारा यांना बसण्याविषयी जी शंका आहे, तिच्यासंबंधी माझा स्वतःचा अनुभव सांगते.

माझाही सुरुवातीला सगळा भर पहाटेच्या फिरण्यावर होता. फिरून आले की व्यायाम संपला, अशी माझी समजूत होती. पुढे उत्सुकतेपोटी मी दुपारच्या जेवणानंतर एक तासाने साखर तपासू लागले. आमटीभात आणि एक पोळी खाऊन वर्तमानपत्र घेऊन आरामखुर्चीत बसले, तर आकडा १७० च्या पुढे जायचा. तेच जेवण करून हात धुतल्याबरोबर गच्चीवर पंधरा मिनिटे सावकाश फेऱ्या मारल्या, तर तो १४० ते १४५ च्या आसपास राहायचा. एक-दोन दिवसांवर विश्वास बसेना, म्हणून मी एका जुन्या वहीत दोन रकाने पाडले, एक 'बसले' आणि एक 'चालले', आणि तीन आठवडे नोंदी केल्या. उन्हाळा होता, गच्चीवर कुरडया वाळत घातलेल्या होत्या, त्यांना वळसा घालत मी छत्री घेऊन फिरायची. वहीतला फरक जवळजवळ रोजच तसाच दिसला. हा माझ्या एकटीच्या शरीराचा अनुभव आहे, त्याला मी याहून अधिक मोल देत नाही. तरीही त्या वहीने मला जे पटवले, ते आजवर कोणाच्या सांगण्याने पटले नव्हते.

आणखी एक गोष्ट आवर्जून लिहिते, कारण आम्हा बायकांचा इथे फार घोळ होतो. "दिवसभर घरात कामच करते, मला वेगळा व्यायाम कशाला?" असे मीही म्हणत असे. केर काढणे, फरशी पुसणे, पाणी भरणे ही खरोखरच हालचाल आहे आणि ती मोजलीच पाहिजे. मात्र आता मिक्सर आला, कपड्यांचे यंत्र आले, भाजी ओट्यावर उभ्याने किंवा दूरदर्शनसमोर बसून निवडली जाते. थकवा येतो तो उभे राहण्याचा आणि दगदगीचा; श्वास वाढेल असे त्यात फारसे काही उरलेले नाही. थकणे आणि हृदयाला व्यायाम होणे यांतला फरक मला उशिरा कळला.


कोरडवाहू:

शेवंतीताईंच्या मुद्द्याला जोडून एक शंका मांडतो. माझे मूळ गाव माण तालुक्यात आहे. आमच्या वडिलांनी जन्मभर मोटेवर, नांगरावर काम केले. साखर, रक्तदाब हे शब्द त्यांना ठाऊकही नव्हते. आज माझा थोरला भाऊ तीच जमीन कसतो आणि त्याला मधुमेह आहे. डॉक्टर चालायला सांगतात तेव्हा तो म्हणतो, "मी शेतकरी आहे, मला कसले चालायला सांगता?" त्याच्या बोलण्यात तथ्य आहे का?

माझे निरीक्षण असे आहे की त्याच्या नकळत त्याचा दिवस बदलला आहे. नांगरट ट्रॅक्टरने होते, रानात जायला मोटारसायकल आहे, विहिरीवरचा पंप तो घरात बसून मोबाइलवरून सुरू करतो, आणि खुरपणीला बाया येतात. बांधावर उभे राहून देखरेख करणे हे त्याचे मुख्य काम झाले आहे. सुगीचे आणि लागणीचे दिवस सोडले, तर त्याचा आणि माझा, म्हणजे बँकेत खिडकीमागे बसणाऱ्याचा, दिवस फार वेगळा राहिलेला नाही. जेवण मात्र वडिलांच्या वेळेइतकेच आहे.


कऱ्हाकाठ:

आपल्या भावाच्या बोलण्यात तथ्य होते, असे म्हणावे लागेल. शेतात, कामावर, घरात, प्रवासात, कुठेही केलेली हालचाल जागतिक आरोग्य संघटना जमेस धरते. चेन्नईच्या ज्या अभ्यासाचा उल्लेख मी वर केला, त्यातही अंगमेहनतीचे काम करणाऱ्यांना वेगळे चालायला न सांगता आहे तेच चालू ठेवा, असे सांगितले होते. प्रश्न एवढाच की ती मेहनत आता उरली आहे का. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) इंडियाब या मधुमेहविषयक पाहणीत, ज्यात महाराष्ट्राचाही समावेश होता, ५४.४ टक्के प्रौढ व्यक्ती अपुरी हालचाल करणाऱ्या आढळल्या, आणि करमणूक म्हणून खेळणारे किंवा व्यायाम करणारे १० टक्क्यांहूनही कमी होते. म्हणजे कामातली हालचाल गेली की तिची जागा घ्यायला आपल्याकडे दुसरे काहीच नसते. भावाला 'चाला' म्हणण्याऐवजी पंप चालू करायला रोज विहिरीपर्यंत पायी जाण्याची आणि मोटारसायकल घरी ठेवण्याची विनंती करून पाहावी. शेतकऱ्याला ती अपमानास्पद वाटत नाही, असा माझा अनुभव आहे.

बसण्याविषयी एक जुनी हकिकत सांगण्याजोगी आहे. १९५३ मध्ये जेरी मॉरिस यांनी लंडनच्या दुमजली बसवरचे चालक आणि वाहक यांची तुलना प्रसिद्ध केली. पगार, वस्ती, गणवेश जवळपास सारखेच. पण चालक दिवसभर बसलेला आणि वाहक दिवसाला पाचशे ते साडेसातशे पायऱ्या चढणारा. हृदयविकार चालकांमध्ये स्पष्टपणे अधिक होता आणि तो लवकर जीव घेत होता. बेस्टच्या दुमजली गाडीतून ज्यांनी प्रवास केला आहे, त्यांच्या डोळ्यांपुढे हे चित्र सहज उभे राहील. पुढे १९५६ मध्ये त्याच मंडळींनी गणवेशांची मापे पाहिली, तेव्हा चालकांच्या विजारींचा कंबरघेर वाहकांपेक्षा मोठा निघाला. मुळात स्थूल असलेला माणूस चालकाच्या जागेकडे वळत असेल, ही शंका त्यातून रास्तपणे घेतली गेली, म्हणून एवढ्या एका अभ्यासावर सगळी इमारत उभी करू नये. परंतु पुढच्या काळात प्रयोगशाळेतही हे तपासले गेले. २०१२ च्या एका प्रयोगात स्थूल प्रौढांना दर वीस मिनिटांनी फक्त दोन मिनिटे चालायला लावले, तेव्हा अखंड बसण्याच्या तुलनेत जेवणानंतरची साखर आणि इन्सुलिन दोन्ही लक्षणीयरीत्या कमी राहिली. सांजवारा, सकाळचे चालणे वाया जात नाही. पण बसण्याचे जे नुकसान आहे ते त्या ४० मिनिटांत पूर्ण भरूनही निघत नाही. शेवंतीताईंनी वहीत जे टिपले, ते याला धरूनच आहे.


तालीम:

मी कोल्हापुरात भौतिकोपचाराचा व्यवसाय करतो आणि लहानपणी तालमीत घडलो आहे, त्यामुळे चालण्यापलीकडचा एक मुद्दा मांडणे मला आवश्यक वाटते.

हातपाय बारीक आणि पोट पुढे, या वर्णनातला पहिला भाग कोणी मनावर घेत नाही. जेवणातली साखर साठवण्याचे शरीरातले सर्वांत मोठे कोठार म्हणजे स्नायू. कोठारच लहान असेल तर आलेले धान्य अंगणात पडून राहणार. चालण्याने कोठाराची दारे उघडतात हे डॉक्टरांनी सांगितलेच आहे, परंतु कोठार मोठे करायचे असेल तर स्नायूला ओझे द्यावे लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनात आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम हालचाल सांगितली आहे, आणि तिच्याबरोबरच आठवड्यातून किमान दोन दिवस सर्व मोठ्या स्नायूंना ताकदीचा व्यायाम सांगितला आहे. लोक पहिला अर्धा भाग लक्षात ठेवतात.

यासाठी व्यायामशाळेची वर्गणी भरलीच पाहिजे असे नाही. आपल्याकडे जोर आणि बैठका आहेतच. चाळिशीनंतर नव्याने सुरुवात करणाऱ्याने मात्र थेट तालमीतल्या बैठका मारू नयेत. भिंतीला टेकवलेल्या भक्कम खुर्चीपुढे उभे राहावे, हात छातीपुढे घ्यावेत, तीन आकडे मोजत सावकाश खाली जावे, नितंब खुर्चीला जेमतेम टेकताच टाचांवर जोर देऊन उठावे. धपकन बसायचे नाही. खाली जाण्याच्या त्या तीन आकड्यांतच मांडीचे खरे काम होते. दहा वेळा सहज जमू लागले की पाठीवरच्या पिशवीत दोन पुस्तके घालावीत. जोर आधी भिंतीवर, मग ओट्याच्या कडेवर आणि शेवटी जमिनीवर, अशा क्रमाने खाली आणावेत. रक्तदाब काठावर असलेल्यांनी जोर लावताना श्वास कोंडू नये; उठताना तोंडाने मोठ्याने आकडे मोजले की श्वास आपोआप मोकळा राहतो. आणि रथसप्तमीला एकदम १०८ सूर्यनमस्कार घालून पुढे आठवडाभर खांदे धरून बसणारे पुष्कळ पाहिले आहेत, तसे कृपया करू नये.

चालण्याच्या वेगाविषयीही एक विचारतो. तलावपाळीला आपण मित्रांबरोबर गप्पा मारत चालता का? बोलता यावे पण गाणे म्हणता येऊ नये, इतका श्वास वाढला तर ती मध्यम गती समजावी. सात महिन्यांपूर्वी ज्या वेगाने दम लागत होता, त्या वेगाने आज लागत नसणार. मग ४० मिनिटांपैकी दर पाच मिनिटांनी एक मिनिट झपाझप चालून पाहावे.


सांजवारा:

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. आमचा पाचजणांचा गट आहे आणि आम्ही अखंड बोलत चालतो, हे तालीम यांनी अचूक ओळखले. काल मी एकटा पुढे निघालो आणि एक अभंग म्हणून पाहिला. चार चरण विनासायास पूर्ण झाले, म्हणजे माझा वेग किती कमी आहे ते कळले.

कार्यालयात जेवणानंतर जिन्याने खाली उतरून आवारात पंधरा मिनिटे फिरायचे, आणि पाण्याची मोठी बाटली टेबलावर न ठेवता दर वेळी पेला भरायला उठायचे, असे ठरवले आहे. खुर्चीच्या बैठका मंगळवारी आणि शुक्रवारी करीन. आता दोन शंका उरल्या आहेत. घेर मी पट्टा बांधतो तिथे मोजत आलो आहे, ते बरोबर आहे का? आणि पुढची तपासणी किती दिवसांनी करावी? आमच्या गटातले एक गृहस्थ ५८ वर्षांचे असून मधुमेहाच्या गोळ्या घेतात; त्यांनीही माझ्याबरोबर वेग वाढवला तर चालेल का?


कऱ्हाकाठ:

पट्ट्याची जागा चुकीची आहे, कारण पोट सुटत गेले की पट्टा खाली घसरतो आणि माप तेवढेच येत राहते. शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाची वरची कड या दोहोंच्या बरोबर मध्ये टेप जमिनीला समांतर धरावी, पोट आत न ओढता सहज श्वास सोडावा आणि त्या क्षणी वाचावे. पहिले माप कदाचित आपल्या समजुतीपेक्षा मोठे येईल. त्याने खचू नये. यापुढची तुलना त्याच मापाशी करावी.

रक्ततपासणी तीन महिन्यांनी पुरे. आदल्या दोन दिवसांत लग्नकार्याचे जेवण किंवा मद्यपान झालेले नसावे, कारण ट्रायग्लिसराइड त्याने लगेच वर जातात. एचडीएल मात्र व्यायामाने हळूहळू आणि थोडेच वाढते, तेव्हा ते ३८ वरून ४० वर गेले नाही म्हणून निराश होण्याचे कारण नाही. साखर पुन्हा वर सरकू लागली किंवा रक्तदाब १४०/९० च्या पुढे गेला, तर औषधाचा विचार आपल्या डॉक्टरांनी करावा, आणि औषध सुरू झाले तरी चालणे थांबवू नये.

आपल्या स्नेह्यांनी वेग वाढवण्यापूर्वी त्यांच्या डॉक्टरांना जरूर विचारावे. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल, तर उपाशीपोटी जोरात चालल्याने साखर एकाएकी उतरू शकते, म्हणून खिशात ग्लुकोजची पूड किंवा साखर ठेवावी आणि थरथर, घाम, डोळ्यांपुढे अंधारी असे काही वाटल्यास तिथेच बसून ती खावी. डोळ्यांच्या पडद्याची तपासणी झालेली नसेल तर जड ओझ्याचे व्यायाम तूर्त नकोत. पायाला बधिरपणा असेल तर चपला न घालता बंद, मऊ बूट घालावेत आणि घरी आल्यावर तळवे उजेडात पाहावेत. चालताना छातीत दडपण येऊन थांबल्यावर ते ओसरत असेल, तर दुसऱ्या दिवशीच्या फेरीची वाट न पाहता त्याच दिवशी हृदयाची तपासणी करून घ्यावी. आणि वेगामुळे गट मोडू देऊ नये: पहिली वीस मिनिटे ज्याने त्याने आपल्या गतीने चालावे, उरलेली वीस मिनिटे सर्वांनी मिळून गप्पा मारत चालावे. सात महिने आपण खंड पडू दिला नाही, त्यात त्या चौघांचाही वाटा असणार.